परतीची दवंडी

शिदू कोतवाल वारला त्याला बरीच वर्षं झाली होती. पण सातवणच्या चावडीवर तो रोज बोलत होता, आणि जिवंतपणी बोलायचा त्यापेक्षा जास्तच बोलत होता.

चावडीच्या ज्या भिंतीवर पूर्वी नोटिसा डकवायचे, तिथं आता हातभर रुंदीचा काळा फलक होता. समोर कुणी उभं राहिलं की फलक माणूस ओळखायचा आणि शिदूच्या घोगऱ्या आवाजात सुरू व्हायचा. "का रं, म्हशी बऱ्या हायत न्हवं? ऐक. जनावरांच्या बिल्ल्याचा कागद आलाय. तुझ्या म्हशींस्नी बिल्ला हाय, रेडकाला न्हाई. मंगळवारी डॉक्टर येनार, तवा त्येला बांधून ठेव. बास."

मूळ नोटीस चांगली तीन पानी असायची. 'उपरोक्त संदर्भाधीन अधिसूचनेन्वये' अशी तिची सुरुवात व्हायची, आणि पहिलं वाक्य संपेपर्यंत वाचणाऱ्याच्या हातातला चहा निवून जायचा. अशा नोटिसा वाचून सातवणमधल्या तीन पिढ्यांनी कपाळाला हात लावला होता. आता फक्त फलकासमोर उभं राहायचं किंवा फोन कानाला लावायचा. शिदू सांगायचा आणि लोक आपापल्या कामाला लागायचे.

या फलकाचं नाव 'उकल'. आणि 'उकल'मध्ये शिदूचा आवाज घालणारी त्याचीच मुलगी होती, वैजयंता घस्ते. सरकारी मराठी सोपी करण्याच्या कचेरीत पुण्यात तिची सगळी नोकरी झाली. आता निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते. दर रविवारी सकाळी ती फोनवर 'उकल' उघडायची आणि वडील विचारायचे, "वैजू, आज काय इचारनार?" तिला काही विचारायचं नसायचं. मग ती झाडं तोडण्याच्या परवानगीबद्दल विचारायची, भटक्या कुत्र्यांच्या लसीबद्दल विचारायची. स्वतः कुत्रं पाळलं नव्हतं आणि झाड म्हणाल तर गॅलरीत एक तुळस. पण आबांचा आवाज ऐकायला निमित्त लागायचं, आणि सरकार निमित्तं भरपूर पुरवतं.

शिदूची खरी दवंडी वेगळी होती, हे सांगितलं पाहिजे. हलगी घेऊन तो चौकात उभा राहायचा. लहानगी वैजू उसाचं वाळकं पाचट पेटवायची, त्यावर तो हलगीचं कातडं तापवायचा, आणि मग तिचा जो कडकडाट उठायचा त्यानं पार नदीकाठची माणसं वर यायची. शिदू आधी हुकूम जसाच्या तसा सांगायचा, मग साध्या भाषेत सांगायचा. आणि मग त्याचा खास रिवाज सुरू व्हायचा. गर्दीतला सगळ्यात हेकट माणूस हेरून तो म्हणायचा, "आता परतीची! भुजंगा, सांग बघू, मी काय म्हनलो?"

सांगितलेलं ऐकणाऱ्यानं परत सांगायचं, ही परतीची दवंडी. ती झाल्याशिवाय शिदू पुढच्या चौकात जात नसे. भुजंगा तेव्हा तरणाबांड गडी होता आणि हमखास चुकायचा. टाकीत औषध टाकणार म्हणून उद्या पाणी पिऊ नका, असं सांगितलं तर तो म्हणायचा, "उद्या टाकीत जाऊन औषध प्यायचं." लोक हसून लोळायचे. मग कुणी त्याला दुरुस्त करायचा, दुरुस्त करणाऱ्याला तिसरा टोकायचा, बायका ओट्यावरून मध्ये पडायच्या आणि एका नोटिशीवरून अख्खा चौक तावातावानं बोलायला लागायचा. शेवटी भुजंगा बरोबर सांगायचा आणि वर जोडायचा, "कळलं. पन पटलं न्हाई."

"पटलं न्हाई तर तहसीलदाराकडं जा," शिदू म्हणायचा. "माझं काम कळन्यापातूर." आणि हलगी काखेत मारून चालू लागायचा.

लोककलांचा अभ्यास करणारे एक प्राध्यापक तेव्हा टेपरेकॉर्डर घेऊन गावात आले होते. शिदूच्या दवंड्या त्यांनी टेप केल्या. त्याच कॅसेटी पुढं वैजयंताच्या हाती लागल्या, आणि गावोगावच्या 'उकल'ला स्थानिक आवाज द्यायचं ठरलं तेव्हा तिनं त्या ओजसपुढं ठेवल्या. ओजस हा तिच्या कचेरीतला तरुण इंजिनिअर, हुशार आणि मनानं चांगला. त्यानं कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, आवाज झकास आहे. पण मागं गोंगाट फार आहे. हसणं, भांडणं, कुत्री. तो सगळा काढावा लागेल, नाहीतर यंत्र नुसतं गोंधळेल."

"काढ," वैजयंता म्हणाली. तिला वडील हवे होते. गोंगाट घेऊन काय करायचं होतं?

'उकल' चालायचं कसं, ते समजायला अवघड नाही. आधी ते नोटिशीचा सांगाडा काढायचं: कोण सांगतंय, कुणाला, काय करायचं, कधीपर्यंत, न केलं तर काय. मग ऐकणाऱ्याकडं बघायचं. त्याचं वय, त्याचं घर, शेत, तो कुठले शब्द वापरतो, किती सावकाश ऐकतो. सांगाड्यातला त्याच्या कामाचा तेवढा भाग उचलून त्याच्याच बोलीत सांगायचं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. खरी मेख पुढं होती. आपण सांगितलेलं माणसाला कळलं की नाही, हे यंत्रानं ओळखायचं कसं? तज्ज्ञांनी त्याला एक खूण दिली. माणसानं पुढं प्रश्न विचारला नाही, श्वास संथ झाला, आवाजातला ताण गेला, की समज पूर्ण झाली असं धरायचं. कोट्यवधी संभाषणांतून यंत्र त्या खुणेमागं धावत शिकत गेलं. कुठल्या वाक्यानंतर माणूस लवकर गप्प होतो, ते त्याला अचूक कळायला लागलं. ते खोटं कधीच बोलत नसे. फक्त खऱ्यातलं नेमकं तेवढंच बोलायचं की ज्यानं माणूस निवांत होऊन घरी जाईल.

वैजयंता सातवणला आली ती घर बघायला. खालच्या आळीत, नदीच्या बाजूला, शिदूचं दोन खणांचं घर होतं. मागच्या पुरात त्याची एक भिंत खचली होती. निवृत्तीनंतर ते नीट बांधून तिथंच राहायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पुराबद्दल कसलीशी नोटीस निघाल्याचं तिला ठाऊक होतं. रविवारी तिनं आबांना विचारलंही होतं, आणि आबा म्हणाले होते, "तुझ्या घराला कोन हात लावनार न्हाई, वैजू. निवांत ऱ्हा." ती निवांत राहिली होती.

चावडीच्या ओट्यावर भुजंगामामा बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, दात गेलेले, हेकटपणा शाबूत. तिला बघून त्यांचा चेहरा फुलला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं सहज, जुन्या सवयीनं थट्टा केली. "मामा, पुराचा कागद ऐकला का? मग होऊन जाऊ दे परतीची!"

"मला काय होनार न्हाई, म्हनला शिदू."

"काय होणार नाही?"

"माझं घर कोन पाडनार न्हाई."

"पण कागद कशाचा आहे?"

भुजंगामामांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "ते न्हाई इचारलं."

वैजयंता हसायची थांबली. भुजंगामामांनी विचारलं नाही? हा माणूस लग्नात भटजीला अडवून मंत्रांचा अर्थ विचारणारा! "का नाही विचारलंत मामा?"

"आगं, शिदू मेल्यावर बोलाय लागलाय," म्हातारा हळू आवाजात म्हणाला. "माझ्या बरोबरीचं कोन ऱ्हायलंय आता? त्यो येवढं मायेनं सांगतोय आनी त्येला काय उलट इचारायचं?"

ती उठली आणि खालच्या आळीत घरोघर विचारत गेली. सगळीकडं एकच उत्तर मिळालं: आमच्या घराला काही होणार नाही. कागद कशाचा आहे, हे एकालाही सांगता येईना. शेवटच्या घरातून बाहेर पडताना तिच्या लक्षात आलं, की ते आपल्यालाही सांगता आलं नसतं. आयुष्यभर नोटिसा सोप्या करणारी बाई, पण वडिलांच्या आवाजात 'निवांत ऱ्हा' ऐकलं आणि मूळ कागद उघडूनसुद्धा बघितला नव्हता.

ओट्यावर बसून तिनं तो वाचला. नदीची नवी पूररेषा नकाशावर निळ्या रंगात आखली होती. निळ्या रेषेच्या आत उभी असलेली घरं पाडणार नव्हते. ते खरंच होतं. पण रेषेच्या आत नवं बांधकाम नाही, पडलेल्याची पुनर्बांधणी नाही, एक खोलीही वाढवायची नाही. आणि अख्खी खालची आळी रेषेच्या आत होती. आज कुणाच्याच घराला काही होणार नव्हतं. पण प्रत्येक पुरात एखाद-दुसरं घर बसणार होतं आणि बसलेलं पुन्हा उठणार नव्हतं. नातवंडांच्या वेळेपर्यंत तिथं काटेरी झुडपं माजली असती. हरकत घ्यायची मुदत परवा संपत होती, आणि सातवणमधून एकही हरकत गेली नव्हती.

तिनं ओजसला फोन लावला.

"मॅडम, मी नोंदी बघतोय," तो थोड्या वेळानं म्हणाला. "सातवणची समज जवळपास शंभर टक्के आहे. एकानंही दुसरा प्रश्न विचारलेला नाही."

"अरे, हेच तर वाईट आहे! आबा म्हणायचे, लोक गप बसले की समजावं, डोक्यात काही गेलेलं नाही. कळलं की माणूस भांडतो."

ओजस सावकाश म्हणाला, "तसं आम्ही यंत्राला कधी सांगितलंच नाही."

"शिकायला ते होतं त्या कॅसेटींत. आपण गोंगाट म्हणून काढून टाकलं."

यंत्राला नव्यानं शिकवायला महिने लागले असते. परवापर्यंत एकच वाट होती आणि ती वैजयंतानंच नियमावलीत लिहून ठेवली होती, कुणी कधी वापरणार नाही अशा खात्रीनं. गावानं जाहीर वाचन मागितलं तर त्या गावापुरतं 'उकल' बंद करावं, कारण एका नोटिशीचे दोन खुलासे फिरता कामा नयेत.

"सरपंचबाईंनी कळवलं की मी तासाभरात बंद करतो," ओजस म्हणाला. "पण मॅडम, तुम्हाला पुढचं कलम आठवतंय ना? वारलेल्या माणसाचा आवाज कामाशिवाय ठेवता येत नाही. सातवण बंद झालं की तो पुसावा लागेल. मूळ कॅसेटीही साफ झाल्यावर कुठं ठेवल्या, कुणाला माहीत नाही."

तिला ते कलम चांगलं आठवत होतं. त्याची भाषाही तिनंच सोपी केली होती.

ती फलकासमोर जाऊन उभी राहिली. फलक उजळला. "वैजू! आज रविवार न्हाई की गं. काय इचारनार?"

तिचे डोळे भरून आले. आवाज तोच होता, शेवटचा शब्द ओढायची लकबही तीच होती. असाच आवाज तिला पाचट पेटवायला सांगायचा, शाळेतून यायला उशीर झाला की आळीभर हाका मारायचा. तिला वाटलं, राहू दे. पूररेषा काय, आळी काय, कुणाला तरी कळेलच. एवढा आवाज राहू दे.

"आबा," ती म्हणाली, "परतीची सांगू का?"

"कसली परतीची, वैजू? तुझ्या घराला कोन हात लावनार न्हाई. निवांत ऱ्हा."

मग पदरानं डोळे पुसून ती सरपंचबाईंच्या घराकडं निघाली.

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर ती चौकात हलगी घेऊन उभी राहिली. हलगी शिदूचीच, माळ्यावरून काढलेली. तिनं टिपरी हाणली तर नुसतं भद्द झालं. पुन्हा हाणली, पुन्हा भद्द. दोघी-तिघी दारातून डोकावल्या आणि आत गेल्या. एकजण तर तणतणतच आला. "वैजाक्का, शिदूतात्याला बंद का केलंस? माझ्या आईला करमंना झालंय त्येच्यावाचून!"

"मलाही करमत नाहीये रे," ती म्हणाली.

तेवढ्यात चावडीच्या ओट्यावरून आवाज आला. "तापव की आदी! कोतवालाची पोर तू, आनी गार हलगी वाजवतीस व्हय?" भुजंगामामा काठी टेकत आले. त्यांच्या काखेत पाचटाचा पेंडका होता. त्यांनीच जाळ केला, त्यांनीच कातडं शेकलं आणि बोटानं ठोकून बघितलं. "हाण आता."

कडकडाट उठला आणि नदीपर्यंत गेला. हातातलं काम टाकून म्हातारी माणसं आधी आली, मग त्यांच्या मागं सुना, मग कानातली यंत्रं काढत पोरं. बघता बघता चौक भरला. वैजयंतानं नोटीस आधी होती तशी वाचली. लोक जांभया द्यायला लागले. मग साध्या भाषेत सांगितली. निळी रेषा म्हणजे काय, ती कुठून जाते, बंधाऱ्यामागं पाणी किती फुगतं ते धरून ती आखली आहे, आणि तिच्या आत काय करता येणार नाही. सगळे माना डोलावत होते. सगळे गप्प होते.

"आता परतीची!" ती मोठ्यानं म्हणाली. "भुजंगामामा, सांगा बघू, मी काय म्हणाले?"

म्हातारा ताठ झाला. कित्येक वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. "तू म्हनलीस, नदीत निळी रेघ मारनार. घर पडलं तर पडू द्यायचं. आनी बंधारा फुगनार."

हशा पिकला. "बंधारा न्हाई फुगनार ओ आजा, पानी फुगनार!"

"कुठल्या बंधाऱ्याचं?" भुजंगामामांनी विचारलं.

"आपल्याच की! सातवणच्या!"

"त्यो कुठं हाय?" भुजंगामामा खेकसले. "त्यो तर मोठ्या पुराच्या मागनं पाडला न्हवं! दगड नेऊन शाळंचं कुंपान बांधलं. म्या म्हनलं कुठला नवीन बांधत्यात!"

हसणारे थांबले. एकमेकांकडं बघायला लागले. बंधारा गेला होता. पोहायला जाणाऱ्या पोराटोरांपासून सगळ्यांना ते माहीत होतं; पण नोटिशीत तो अजून उभा होता, आणि त्याच्यामागं फुगलेल्या पाण्यानं खालची आळी कागदावर बुडवली होती. 'उकल'नं बंधाऱ्याचा उल्लेख कुणालाच ऐकवला नव्हता. घराशी त्याचा संबंध काय? ऐकून माणूस नुसता प्रश्न विचारत बसला असता. खुद्द वैजयंतानं काल तो शब्द वाचला होता, आज सांगितलाही होता. पण पुण्यात राहून बंधारा पाडल्याचं तिला कळलंच नव्हतं.

मग मात्र चौक पेटला. बंधारा कुठल्या साली पाडला यावरून दोन भाऊ भांडले. एका सुनेनं पाडतानाचे फोटो फोनमधून शोधून काढले. मागच्या पुरात पाणी कुणाच्या कितव्या पायरीला लागलं, यावरून बायका हमरीतुमरीवर आल्या. ज्याला त्याला माझंच खरं म्हणायचं होतं. वैजयंता हलगी पोटाशी धरून त्या गोंगाटात उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला आबांची इतकी आठवण रविवारच्या कुठल्याही सकाळी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, मुदतीच्या आत, सातवणची हरकत तालुक्याला पोचली. पुढं मोजणीवाले आले, दिवसभर काठ्या रोवत फिरले. नवी रेषा बरीच खाली, नदीकडं सरकली. खालची आळी सुटली. भुजंगामामांचा एक गोठा तेवढा रेषेत अडकला. मोजणीवाल्यानं नकाशा पसरून त्यांना सगळं समजावलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं, बरोबर परत सांगितलं आणि म्हणाला, "कळलं. पन पटलं न्हाई."

वैजयंता निवृत्त होऊन सातवणला राहायला आली. भिंत उभी राहिली, पुढं ओटा झाला. चावडीचा फलक आता नोटीस नुसती दाखवतो. वाचायला चौकात हलगी वाजते. एका संध्याकाळी ओजसचा फोन आला. कचेरी हलवताना एका कपाटामागं एक कॅसेट सापडली होती. न साफ केलेली. "यंत्राला नव्यानं शिकवायला घेतलीय," तो म्हणाला. "या वेळी गोंगाटासकट. म्हटलं, आधी तुम्हाला पाठवावी."

कॅसेट पोचली तेव्हा तिनं ती ओट्यावर जुन्या टेपरेकॉर्डरवर लावली. भुजंगामामा शेजारी होते, आळीतले पाच-सहाजण होते. आधी कुत्री भुंकली. मग हलगी. मग आबा: गावच्या नदीवर बंधारा बांधायचं काम सुरू होणार, कुणी धुणं घेऊन जाऊ नये, जनावरं वरच्या अंगाला पाजावीत, कुणाची हरकत असेल तर चावडीवर कळवावी. लोकांची कुजबुज. तरण्या भुजंगाचं खाकरणं. म्हातारा ओट्यावर सावरून बसला. त्याला वाटलं, आता आपलं नाव येणार.

"परतीची," आबा म्हणाले. "आज आमची वैजू सांगल."

एक बारीक आवाज भरभर बोलायला लागला. बंधारा, धुणं, जनावरं. "आनी... आनी..." आवाज अडकला. कुणीतरी हसलं. आबा वाट बघत होते. टेप नुसतीच फिरत राहिली.

ओट्यावर बसलेल्या वैजयंतानं घसा साफ केला. "आनी ज्याला पटलं नसंल," ती म्हणाली, "त्येनं चावडीवर येऊन सांगावं." टेपवरचा बारीक आवाजही तेच पुटपुटला.

"बराबर," आबा म्हणाले. "चला आता म्होरल्या चौकात."